इंदुमती दत्तात्रय, पत्ता अपुरा

तारा फुटला की त्याचा नातेवाईक वर बघेपर्यंत तो विझत नाही, आणि म्हणूनच सरकारनं प्रत्येक तालुक्याला एक तारासूचना कार्यालय दिलेलं आहे. हिंगणोळी तालुक्याचं कार्यालय पंचायत समितीच्या मागं, बियाण्यांच्या गोदामाला लागून होतं. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत सबनीस बाई आणि मधल्या उंबऱ्यावर शिपाई लोखंडे.

यंत्राचं काम चिठ्ठ्या सोडण्याचं. चिठ्ठीवर ताऱ्याची दिशा, उंची, तेज आणि वय असे, आणि सगळ्यात खाली नातेवाइकाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मगाव. आडनाव नसे. हे नातं कोण जुळवतं आणि कशावरून, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते कुठं विचारायचं याची तरतूद नियमावलीत नव्हती. चिठ्ठी आली की चाळीस मिनिटांच्या आत त्या माणसाला कळवायचं. माणसानं उघड्यावर यायचं, वर बघायचं, "पाहिला" म्हणायचं आणि सही करायची. इतरांना तो तारा रात्रीच दिसे, पण नातेवाइकाला भर उन्हातही दिसत असल्यामुळं सगळं काम कचेरीच्या वेळेत उरकता येई. एकदा नजर पडली की पाच-सात मिनिटांत तारा निवून जाई. मग सहीची चिठ्ठी यंत्रात परत घालायची, की यंत्र पुढच्या नावाची चिठ्ठी सोडायचं. आधीची सही झाल्याशिवाय पुढचं नाव नाही, हा यंत्राचा हट्ट होता.

तसं यंत्र मोठं हळवं होतं. आभाळात जरा कुठं लुकलुकलं की ते चिठ्ठी काढायचं. दिवसाला दोन-अडीचशे चिठ्ठ्या पडत, पण त्यातल्या जवळजवळ सगळ्या बिननावाच्या. कुठं एखादा दगड उन्हात चमकून गेलेला, कुठं विमान, कुठं नुसताच खोकून परत गप्प बसलेला तारा. बाई त्या चिठ्ठ्या तांदळातले खडे वेचावेत तशा बाजूला काढत. नावाची चिठ्ठी आठवड्याला एक, फार तर दोन.

खरं कसब होतं ते कळवण्यात. नियमावलीत त्यासाठी वाक्य दिलेलं होतं: "आपला तारा फुटला आहे, कृपया वर पाहावे." हे वाक्य लिहिणाऱ्याच्या घरात कधी कुणी गेलेलं नसावं. आपल्याकडं असं तोंडावर कोण सांगतं? माणूस पहाटेच संपलेला असला तरी पाहुण्यांना फोन जातो तो "जरा जास्त आहे, निघून या" असाच. नोकरीच्या सुरुवातीला बाईही तसंच सांगत. पण वाळेगावच्या एका गृहस्थाला त्यांनी "जरा जास्त आहे" म्हणून फोन केला, तर तो मोटरसायकलवर मागं डॉक्टर बसवून कार्यालयात हजर झाला. डॉक्टर भला माणूस. त्यानं अंगणात उभं राहून आभाळाकडं बराच वेळ पाहिलं, त्याला अर्थातच काही दिसलं नाही, आणि त्यानं चिठ्ठीच्या पाठीवर "आशा नाही" असं लिहून सही केली. ती सही यंत्रानं घेतली नाही.

तेव्हापासून बाईंनी आपली पद्धत बसवली. आधी विचारायचं, जेवण झालं का. नाही म्हटलं तर "दोन घास खाऊन घ्या, मी अर्ध्या तासानं करते" म्हणून फोन ठेवायचा, कारण नंतर माणूस जेवत नाही. मग विचारायचं, जवळ कोण आहे. आणि शेवटी म्हणायचं, जरा अंगणात या. बहुतेकांना पहिल्या प्रश्नालाच कळे. चाळीस मिनिटांचा नियम मात्र हटकून मोडे. जिल्ह्याहून ताशेरे येत, बाई ते तारीखवार फाइलला लावत आणि पुन्हा लोकांना जेवू घालत.

अशी सव्वीस वर्षं गेली. खुद्द बाईंना फोन करून जेवलात का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. आईवडील गेले, भावंडं नव्हती, लग्न राहून गेलं ते गेलंच. भाड्याची खोली, एका खणाचा डबा, आणि रविवारी दुपारी फार कंटाळा आला तर कार्यालयात येऊन यंत्रावरची धूळ पुसायची. त्यांना सगळे "बाई" म्हणत. लोखंडेही बाईच म्हणत, जिल्ह्याचे साहेबही बाईच म्हणत, आणि पगारपत्रकावर नुसतं "आय. डी. सबनीस" असे.

कार्तिकातल्या एका सोमवारी सकाळी साडेअकराला नावाची चिठ्ठी आली. बाईंनी चष्मा लावून तळाकडं पाहिलं. "इंदुमती दत्तात्रय, मौजे घोणसगाव."

आता हे सांगणं बरं दिसत नाही, पण खरं ते सांगायला हवं. बाईंना आनंद झाला. इतका झाला, की त्यांनी चिठ्ठी पालथी घातली, पुन्हा सुलटी केली आणि पुन्हा वाचली. या जगात नाही तर नाही, पण कुठंतरी त्यांचं कुणीतरी होतं, आणि ते आत्ता, या घटकेला, गोदामाच्या पत्र्याच्या वर पूर्वेला साठ अंशांवर उभं राहून त्यांची वाट बघत होतं. त्या खुर्चीतून उठल्यासुद्धा. दारापर्यंत गेल्या. आणि तिथं त्यांना बाकीचा नियम आठवला. वर बघितलं की पाच-सात मिनिटं, मग संपलं.

बाई परत येऊन बसल्या. त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि चिठ्ठीवर मारला: "पत्ता अपुरा."

पत्ता अपुरा असेल तर नातेवाइकाचा अकरा दिवस शोध घ्यावा, असा नियम आहे. अकरा दिवसांत माणूस सापडला नाही तर प्रकरण जिल्ह्याला जातं, आणि जिल्ह्याला गेलेलं प्रकरण माघारी आल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. म्हणजे अकरा दिवस मान खाली घालून काढले की तारा कायमचा बाईंचा होता. त्या दिवसापासून बाई छत्री घेऊन येऊ लागल्या.

लोखंडे प्रामाणिक माणूस. त्यांनी इंदुमतीचा शोध मनावर घेतला. एसटी स्टँडवर विचारलं, रेशन दुकानात विचारलं, आणि गुरुवारच्या बाजारात रिक्षावर भोंगा लावून पुकारा केला: इंदुमती दत्तात्रय, असाल तिथून वर बघा. बाई तेव्हा मेथीची जुडी घेत होत्या. सव्वीस वर्षांत त्यांचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्यांनी छत्री आणखी खाली ओढली आणि रिक्षा लांब जाईपर्यंत भाजीवाल्याशी सुट्ट्यावरून उगीचच हुज्जत घातली.

बाईंनीही आपल्या बाजूनं नियमात कसूर ठेवली नाही. त्यांनी घोणसगावच्या ग्रामसेवकाला इंदुमतीची चौकशी करणारं पत्र धाडलं. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. "सदर मुलगी दत्तात्रय मास्तरांची. पूर्वी येथे राहत होती. सध्या येथे तिचे कोणीही नाही. अन्यत्र कोणी असल्यास या कार्यालयास माहिती नाही." बाईंनी त्यावर आवक क्रमांक घातला आणि ते चिठ्ठीला जोडलं.

चिठ्ठी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे मंगळवारी, बिरा धोंडी सरगर येऊन पायरीवर बसला होता. सत्तरीपुढचा धनगर, खांद्यावर घोंगडं, हातात काठी आणि पटक्याच्या शेवात बांधलेली आगाऊ सूचना. काही तारे फुटण्याआधी चार दिवस कुरकुरतात, त्यांची अशी आगाऊ सूचना निघते. "तयारीत राहावे, तालुका सोडू नये." सरगरांची मेंढरं दिवाळी झाली की कोकणाकडं निघतात. मुलं, सुना, नातवंडं, घोडी, कुत्री, सगळा तळ आदल्या दिवशीच हलला होता. म्हातारा एकटा मागं राहिला होता, चिठ्ठी आज निघेल, उद्या निघेल म्हणून.

चिठ्ठी कशी निघणार? तिच्या पुढं बाईंची होती. बाईंनी त्याला सांगितलं की एका प्रकरणात पत्ता लागत नाहीये, तो लागला की तुमचंच. यात खोटं असं काही नव्हतं. म्हातारा बरं म्हणाला आणि घोंगडं पसरून बसला.

मग एक गोष्ट झाली. बाईंना सवय लागली. दहाला कुलूप उघडायला याव्यात तर पायरीवर माणूस असे. अकराला चहा मागवायचा तो दोन कप. दुपारी बाईंचा डबा आणि म्हाताऱ्याची भाकरी एकाच ओट्यावर सुटे, आणि तो आपल्या पद्धतीनं ठेचा त्यांच्या झाकणात वाढे, विचारतही नसे. मेंढरांची दुखणी, ओढ्याकाठची गावं, सून किती कडक आहे, हे सगळं तो सांगे आणि बाई ऐकत. त्याही सांगत. आपल्याजवळ सांगण्यासारखं इतकं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर तारा, खाली म्हातारा. बाईंचा संसार एकाएकी भरून आला होता, आणि तो टिकवण्यासाठी त्यांना फक्त काही करायचं नव्हतं.

रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला म्हाताऱ्याच्या मुलाचा फोन येई. शुक्रवारी तळ नदी ओलांडून गेला होता. रविवारी डोंगर दिसू लागले होते. मंगळवारच्या, म्हणजे नवव्या दिवसाच्या सकाळी, फोन आला तो अवेळी. उद्या पहाटे घाट उतरणार. खाली उतरलं की कळप चार वाटांनी चार गावांना फुटतात, फोनला रेंज नसते, मग कोण कुठं आहे ते आठ महिने कळत नाही. आबानं आज संध्याकाळपर्यंत घाटमाथा गाठला तर ठीक, नाहीतर यंदा त्यानं गावातच राहावं. गावात त्याच्या घराला कुलूप होतं.

बाई दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, आबा, तुम्ही जा. तारा थांबेल, त्यांना काही घाई नसते. पुढच्या साली आलात की बघा.

"माझ्यासाठनं थांबल्यालं हाय ते," म्हातारा म्हणाला. "त्याला तसंच ताटकळत ठिवून जाऊ व्हय? मेंढरू असतं तरी गेलो नसतो."

बाई आत जाऊन बसल्या. अजून दोन दिवस होते. दोन दिवस गेले की जिल्ह्याकडं प्रकरण, आणि मग सगळं मिटलं. बाईंनी रजिस्टर उघडलं, त्यात काही लिहायचं नव्हतं म्हणून मिटलं. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि तरी उठवत नव्हतं. ज्याला आयुष्यात एकदाच काही मिळालंय त्यानं ते सोडावं असं म्हणणं सोपं असतं. म्हणणाऱ्याचं घर बहुतेक भरलेलं असतं.

दुपारी दीडला लोखंडे चहाला गेले. म्हातारा पायरीवरून उठून बाईंच्या खोलीत आला. आठ दिवसांत तो आत कधी आला नव्हता. त्यानं पटका काढून काखेत धरला.

"बाई, जेवान झालं का?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. डबा रिकामा होता. "झालं," त्या म्हणाल्या.

"जवळ कोन हाय तुमच्या?"

बाईंनी खोलीत नजर फिरवली. खुर्ची, कपाट, ताशेऱ्यांची फाइल. हा प्रश्न त्यांनी शेकड्यांनी लोकांना विचारला होता, पण त्याचं उत्तर द्यायला इतका वेळ लागतो हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

"तुम्हीच आहात, आबा."

"मग जरा भाईर चला."

तुम्हाला कसं कळलं, असं बाईंनी विचारलं. म्हातारा म्हणाला, रात्री या पायरीवर झोपतो तर एक तारा गोदामाच्या वरून हलायचं नाव घेत नाही, कुणासाठी तरी खोळंबलाय हे शेंबडं पोरही सांगेल. आणि या कचेरीत बसून आठ दिवसांत एकदाही वर न बघणारं माणूस एकच आहे. बाकी चिठ्ठीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही.

बाई उठल्या. सवयीनं त्यांनी छत्री घेतली. म्हाताऱ्यानं ती त्यांच्या हातातून काढून भिंतीला टेकवली.

अंगणात ऊन होतं. गोदामाच्या पत्र्यावर, पूर्वेला साठ अंश, चिठ्ठीत म्हटलं होतं तिथंच तो होता. तेजाचा आकडा बाईंना पाठ होता, पण आकड्यावरून काही कळत नाही. पांढरा, स्थिर, आणि फार वेळ उभं राहिलेल्या माणसासारखा दमलेला. बाईंना वाटलं होतं की आपण काहीतरी म्हणू. इतके दिवस त्यांनी मनात पुष्कळ काही जुळवलं होतं. ऐन वेळी त्यांच्या तोंडून नियमावलीतलाच शब्द आला.

"पाहिला," त्या म्हणाल्या.

तारा उतरू लागला. फोनवर त्या लोकांना नेहमी सांगत की फार वेळ लागत नाही, आणि ते खरंच होतं. म्हातारा शेजारी उभा होता. त्याला वर निळ्या आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं, पण तो शेवटपर्यंत बाई बघत होत्या तिकडंच बघत राहिला.

बाई सही करत असताना लोखंडे परत आले. त्यांनी चिठ्ठीवर वाकून सही वाचली, "इंदुमती दत्तात्रय सबनीस", मग बाईंकडं पाहिलं, मग पुन्हा चिठ्ठीकडं. रागावावं की काय करावं ते त्यांना सुचेना.

"बाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला सगळीकडं शोधलं हो."

सहीची चिठ्ठी आत गेली आणि यंत्रानं लगेच पुढची सोडली. बिरा धोंडी, मौजे मासाळवाडी. म्हातारा दोन हात अंतरावर उभा होता, तरी बाईंनी पद्धत सोडली नाही. त्यांनी त्याला विचारलं, आबा, जेवलात का. तो जेवला नव्हता. सकाळच्या फोननंतर त्याला घास गेला नव्हता. बाईंनी त्याला ओट्यावर बसवून भाकरी खायला लावली. साडेतीनची एसटी होती, ती घाटमाथ्याला साडेसहाला पोचते. म्हाताऱ्यानं निवांत खाल्लं, पाणी प्यायला, पटका बांधला. बाईंनी विचारलं, जवळ कोण आहे. तो हसला आणि काठीनं त्यांच्याकडं खूण केली. मग दोघं अंगणात गेली.

त्याचा तारा दक्षिणेला होता. बाईंना दिसला नाही, पण म्हाताऱ्यानं हात जोडले तेव्हा त्यांनीही जोडले. त्यानं अंगठा उठवला, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि येतो म्हणाला. बाई या म्हणाल्या. त्यानं वेळेत घाटमाथा गाठला की नाही, हे कार्यालयाला कळण्याचं काही कारण नव्हतं आणि कळलंही नाही.

ज्याचा तारा गेला असेल त्या कर्मचाऱ्याला एक दिवसाची रजा मिळते. बाईंनी आजवर तालुक्यातल्या मास्तरांना, तलाठ्यांना, कंडक्टरांना त्यासाठी दाखले दिले होते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःचा अर्ज लिहिला, "कारण" या रकान्यात "नातेवाइकाचे निधन" असं भरलं आणि स्वतःच त्याला दाखला जोडला. जिल्ह्याच्या साहेबांनी फोनवरच मंजुरी दिली. शोध लांबल्याबद्दल ताशेरे वेगळे येतील, असंही ते म्हणाले.

बुधवारी बाई खोलीवरच होत्या. सकाळचे अकरा वाजले तरी दार उघडं दिसलं म्हणून शेजारच्या मुलाणी भाभी डोकावल्या. आज कचेरी नाही का, असं त्यांनी विचारलं.

"आमच्यातलं एक माणूस गेलं," बाई म्हणाल्या.

नऊ वर्षांच्या शेजारात भाभींनी बाईंच्या तोंडून "आमच्यातलं" हा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी हातातली पाण्याची कळशी खाली ठेवली. कधी, असं विचारलं. काल दुपारी, असं बाईंनी सांगितलं. मग, कुणाच्याही दारात विचारतात तेच भाभींनी विचारलं.

"वय काय होतं?"

"एक कोटी दहा लाख."

भाभींनी क्षणभर हिशेब केला आणि मान हलवली.

"मग सोनंच झालं म्हणायचं, बाई. लई जगले."

"हो," बाई म्हणाल्या, "वय झालं होतं." आणि मग त्यांना रडू आलं. भाभी चपला काढून आत आल्या आणि त्यांच्याशेजारी सतरंजीवर बसल्या.